टाकीची चावी

आरटीओच्या पासिंगहून ट्रक परत आला त्याच आठवड्यात तो रस्त्यात बंद पडायला लागला, आणि त्याच आठवड्यात माझ्या सख्ख्या भावानं मला चोर ठरवलं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे हे मला कळायला पुढे बरेच दिवस जावे लागले. राग मात्र पहिल्या दिवसापासून होता आणि तो आजही आहे. लिहून काढल्यावर कमी होईल, असं बायको म्हणते. बघू.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. नालासोपाऱ्यात तुळिंजच्या बाजूला बिल्डिंगांवर बिल्डिंगा चढत होत्या आणि त्यांना विटा लागत होत्या. विटा आमच्याकडे होत्या, म्हणजे चांदीपच्या आसपासच्या भट्ट्यांवर. मी आणि दादानं मिळून एक जुना ट्रक घेतला होता. मी चालवायचा, दादानं बिल्डरांकडून कामं आणायची, असं ठरलं होतं. दादा माझ्यापेक्षा बराच मोठा. वडील गेल्यापासून घरात त्याचा शब्द शेवटचा. तो स्कूटरवरून साइटी फिरायचा, मी दिवसभर केबिनमध्ये भाजून निघायचो. त्याबद्दल माझी तक्रार नव्हती. मला ट्रक चालवायला आवडायचं.

पासिंगसाठी ट्रकला नवा रंग दिला. बॉडीच नाही, खाली चेसीला, म्हणजे सांगाड्यालासुद्धा काळा रंग मारला. पेंटरनं काम झकास केलं होतं. मी गाडी आणायला गेलो तर डिझेलच्या टाकीला नवं झाकण. चकचकीत, मधे किल्लीचं भोक.

घरी आल्यावर दादाला विचारलं, "हे काय?"

"लॉक."

"ते दिसतंय. कशाला?"

"डिझेल जास्त जातंय. आजकाल हायवेला ड्रायवर लोक डिझेल काढून विकतात, ऐकलं नाय का तू?"

"मी ड्रायवर नाय, दादा. अर्धा मालक आहे."

"मग तुला काय फरक पडतो? चावी माझ्याकडं असली काय नि तुझ्याकडं असली काय."

किल्ली त्याच्या शर्टाच्या वरच्या खिशात होती, पण मला ती रोज दिसायची. डिझेल जास्त जात होतं हे खरंच होतं. जाणारच. खेपेला विटा वाढवून भरायच्या हे त्यानंच भट्टीवाल्याशी ठरवलं होतं. शिरसाड फाट्यापर्यंतचा रस्ता नुसता खड्ड्यांचा, पहिल्या-दुसऱ्या गिअरच्या वर गाडी जायची नाही. हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "बरं," आणि जेवायला बसला. माझी भूक मेली.

दुसऱ्या दिवसापासून दादा सकाळी पंपावर यायचा, स्वतःच्या हातानं कुलूप उघडायचा, डिझेल भरून घ्यायचा, कुलूप लावायचा आणि स्कूटरला किक मारून निघून जायचा. पंपावरची माणसं मला ओळखायची. त्यांच्यासमोर मी केबिनमध्ये बसून समोर बघत राहायचो.

आणि ट्रक बंद पडायला लागला.

पहिली खेप नीट जायची. दुसऱ्या खेपेला, भरलेली गाडी घेऊन मी हायवेवर चढलो की इंजिनाचा दम कमी व्हायला लागायचा. पाय दाबावा तर नुसती घुसमट. मग एखाद्या ठिकाणी, कधी विरार फाट्याच्या पुढे, कधी चंदनसारच्या वळणावर दुसऱ्या साइटकडे जाताना, दोन गचके आणि शांत. आणि मग सेल्फ मारावा तर नुसतं "टक". परत मारावा, परत "टक". कधी मधेच रडत रडत फिरायचा. हॉर्नचा आवाज बसलेला, लाइट पिवळट. मी बोनेट उघडून फिल्टरवरचा हातपंप मारायचो, डिझेलमधली हवा काढायचो, अर्धा तास थांबायचो. बॅटरीला जरा जीव आला की गाडी चालू. परत काही अंतर गेलं की तेच.

एक वाईट गोष्ट अशी की रस्त्याच्या कडेला असा अर्धा-अर्धा तास उभा असलेला ट्रक सगळ्या जगाला दिसतो. कुणीतरी दादाला सांगितलं, तुझा भाऊ फाट्याजवळ गाडी लावून बसलेला असतो. कुणी सांगितलं ते मला आजपर्यंत कळलं नाही. कळलं नाही तेच बरं.

दादानं गाडी हायवेवरच्या एका वायरमनकडे नेली. हा वायरमन मोठा बोलका माणूस. गाडीखाली वाकायचंसुद्धा नाही, उभ्यानंच निदान.

"शेठ, बॅटरी गेली."

बॅटरी नवी घातली. चार दिवस सेल्फ बरा फिरला, मग परत "टक".

"शेठ, सेल्फ उघडावा लागेल."

सेल्फ उघडला, आतला माल बदलला. परत तेच. मग म्हणाला अल्टरनेटर चार्जिंग देत नाही, तो सोडवला. मग म्हणाला वायरिंग जुनं झालंय, करंट कुठंतरी लीक होतो, म्हणून इंजिन बंद पडतं.

इथं मात्र माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "अहो, ही डिझेल गाडी आहे. एकदा चालू झाल्यावर हिला करंट लागतोच कशाला? चालत्या गाडीची बॅटरी काढून ठेवली तरी इंजिन बंद होत नाय. बंद करायला स्टॉपची केबल ओढावी लागते. वायरिंगनं कशी बंद पडेल?"

वायरमन माझ्याकडे न बघता दादाला म्हणाला, "शेठ, तुम्ही सांगा, काम करायचं का नाय?"

"कर," दादा म्हणाला. आणि मला म्हणाला, "तू गप रे."

मी गप बसलो. तिथं, वायरमनसमोर, त्याच्या दोन मिस्त्रींसमोर, मी लग्न झालेला, पोराचा बाप असलेला माणूस, गप बसलो. घरी येऊन बायकोवर चिडलो. तिनं ताट पुढे ठेवलं आणि म्हणाली, "माझ्यावर नको. ज्याच्यावर चिडायचं त्याच्यावर चिड." तिचं बरोबर होतं, म्हणून आणखीनच राग आला.

सगळे त्या गाडीत एकच रोग शोधत होते आणि मीही तेच करत होतो. गाडी बंद पडते आणि बंद पडल्यावर चालू होत नाही, म्हणजे दोन्हीचं कारण एकच, असं धरून चाललो होतो. तसं नव्हतं. एकाच वेळी दोन वेगळी दुखणी लागली होती आणि दोन्ही एकमेकांच्या आड लपत होती.

पहिलं सापडलं ते हात भाजल्यामुळे. एका दुपारी भट्टीवर गाडी चालू होईना. मी सेल्फ मारून मारून थकलो. शेवटी चिडून स्टॉपच्या केबलचं बटण नीट आत गेलंय का ते बघायला हात लावला, आणि चटका बसला. चहाच्या पातेल्याला बसावा तसा. स्टॉपची केबल म्हणजे एक साधी लोखंडी तार, तिच्यात करंटचा काही संबंध नाही. ती तापायचं कारणच काय?

मी बराच वेळ फुटबोर्डवर बसून विचार केला. बॅटरीतून करंट जाड वायरनं सेल्फकडे जातो, सेल्फ फिरवतो आणि लोखंडातून परत बॅटरीकडे येतो. पण इंजिन रबराच्या गुटक्यांवर बसलेलं असतं, चेसीला थेट टेकत नाही. म्हणून इंजिन आणि चेसी यांच्यामध्ये विणलेल्या तारेची एक जाड पट्टी असते, अर्थिंगची. तिनं करंट परत जायचा. ती वाट बंद झाली तर करंट जमेल तिथून वाट काढणार, आणि ही बारीक केबल इंजिनापासून केबिनपर्यंत आलेली. म्हणजे सेल्फचा सगळा भार हिच्यावर येत होता.

गाडीखाली शिरलो. पट्टी होती, बोल्ट घट्ट होता. पाना लावून बोल्ट सोडवला. पट्टीच्या खाली चेसीवर काळाभोर, जाड, नवा रंग. पेंटरनं पट्टी सोडली, खाली छान रंग मारला आणि वर पट्टी परत आवळली. रंगावर. कितीही आवळली तरी काय उपयोग! मी आधी एक जाड वायर घेऊन इंजिनाच्या लोखंडावरून थेट बॅटरीच्या अर्थवर लावून बघितली. केबिनमध्ये चढून सेल्फ मारला, आणि इंजिन एका झटक्यात उठलं. मग पट्टीखालचा रंग पत्र्याच्या तुकड्यानं खरवडून लोखंड चमकेपर्यंत घासला, पट्टीचं टोक घासलं आणि बोल्ट आवळला. हॉर्न वाजवला तर भट्टीवरच्या बायका दचकल्या.

नवी बॅटरी, सेल्फ, अल्टरनेटर, सगळं उगाच. एक पत्र्याचा तुकडा पुरला असता. मला आनंद व्हायला हवा होता. मला त्या वायरमनची मान धरावीशी वाटत होती.

संध्याकाळी दादाला दाखवलं. त्यानं एकदा सेल्फ मारून बघितला आणि म्हणाला, "म्हनजे वायरिंगच होतं. तो बोललाच होता."

 उद्या बघू म्हटलं.

उद्या बघितलं. दुसऱ्या खेपेला, फाट्याच्या पुढे, इंजिन परत घुसमटलं आणि बंद पडलं. आता सेल्फ खणखणीत, लाइट पांढरे, हॉर्न कानठळ्या बसवणारा, आणि गाडी बंद. म्हणजे बंद पडण्याचा वायरिंगशी संबंध नाही हे आता सूर्यासारखं स्वच्छ होतं. डिझेल इंजिनापर्यंत पोचत नव्हतं. फिल्टर नवा होता, पाइप मी फुंकून बघितले होते, पंपाचे वायसर बदलले होते. मग राहिली टाकी.

दादाला सांगितलं तर तो जरा हसला. ते हसू मला विसरता येत नाही.

"मी पन एक बघितलंय," तो म्हणाला. "टाकी फुल केली ना, का त्याच दिवशी गाडी लवकर बंद पडते. टाकी कमी असली का बरी चालते. अजब नाय? डिझेल भरपूर असतं तेव्हाच बरी तुझी गाडी कडेला लागते."

मला आधी समजलंच नाही तो काय म्हणतोय. समजलं तेव्हा कान तापले. तो असं म्हणत होता की डिझेल काढता यावं म्हणून मी गाडी बंद पाडतो. कुलूप तोडून, की पाइपमधून, ते त्यालाच ठाऊक.

पण त्याचं निरीक्षण खरं होतं. टाकी भरलेली असली की गाडी लवकर बंद पडायची. मीही ते बघितलं होतं आणि मलाही त्याचा अर्थ लागत नव्हता. त्या रात्री रागानं झोप येईना, तेव्हा तो अर्थ लागला. टाकीतून डिझेल जातं तशी त्याच्या जागी हवा आत यायला पाहिजे. जुन्या झाकणाला त्यासाठी बारीक भोक होतं. नव्या कुलूपवाल्या झाकणाला ते होतं का? नसेल तर टाकी डिझेल धरून ठेवणार, तोंडानं ओढलेल्या बाटलीसारखी. टाकी भरलेली असली की आत मुळात हवा थोडी, म्हणून ती लवकर घट्ट होणार. अर्धा तास थांबलं की कुठून तरी, झाकणाच्या कडेनं, हळूहळू हवा शिरणार आणि गाडी परत चालू. सकाळी पंपावर दादा झाकण उघडेपर्यंत सगळं सैल झालेलं, म्हणून त्याला कधी काही कळलं नसणार.

सकाळी पंपावर मी सरळ मागितलं, "चावी दे. झाकण बघायचंय."

"झाकणात काय बघायचंय?"

"हवा जायला भोक आहे का ते."

"तुझा झाकणावरच का डोळा?" तो म्हणाला, आणि कुलूप लावून निघून गेला.

त्या दिवशी टाकी फुल होती. आणि दुसरी खेप तुळिंजच्या बाजारातून जायची होती.

गाडी बंद पडली ती भाजीबाजाराच्या ऐन मध्यावर. एका बाजूला हातगाड्या, दुसऱ्या बाजूला रिक्षा, मागे बस. विटांनी भरलेला ट्रक ढकलायचाही नाही. हॉर्नवर हॉर्न सुरू झाले. रिक्षावाले केबिनवर थापा मारायला लागले. एका म्हातारीच्या टोपल्या चाकाजवळ होत्या, ती वेगळीच आरडत होती. मी खाली उतरून हातपंप मारला. डिझेल येईना. दादा जवळच्याच साइटवर असतो हे माहीत होतं. मी एका ओळखीच्या रिक्षावाल्याला पाठवलं. दादा स्कूटर लांब लावून गर्दीतून वाट काढत आला.

"परत?" तो म्हणाला.

"चावी दे."

"कशाला?"

"दादा, चावी दे. एक मिनिट लागेल."

सगळे ऐकत होते. तो खिशावर हात ठेवून म्हणाला, "आता भर बाजारात डिझेल काढनार काय?"

दोघं-तिघं हसले. रिक्षावाला हसला, बसचा कंडक्टर हसला.  मी केबिनमधून पहार काढली. माणसं मागे सरकली, दादाही सरकला. त्याला काय वाटलं ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलं, आणि खोटं कशाला बोलू, क्षणभर मलाही तेच वाटलं होतं. पण मी टाकीकडे गेलो आणि कुलपावर पहार घातली. दुसऱ्या घावात कुलूप तुटलं, पण झाकण निघेना. आतून कुणी धरून ठेवल्यासारखं. मी पहारीचं टोक खाली घालून जोर केला.

आधी "फुस्स" झालं, लांब श्वास घेतल्यासारखं. आणि मग "धब्ब" करून टाकीचा पत्रा बाहेर आला. टाकी आत चेपली गेली होती, इतके दिवस आमच्या ते लक्षातही आलं नव्हतं. आता ती सगळ्यांदेखत फुगून जागेवर आली. आवाज असा मोठा की म्हातारीनं टोपली टाकली.

मी झाकण दादासमोर धरलं. "भोक दाखव यात."

त्यानं झाकण उलटसुलट करून बघितलं. झाकण आतून रबरानं गच्च होतं. भोक नव्हतंच.

हातपंप मारला तर डिझेल भसाभस आलं. सेल्फ मारला, इंजिन उठलं. टाकीच्या तोंडावर मी माझा रुमाल बांधला आणि गाडी साइटवर नेली. विटा उतरवल्या. दादाला सांगितलं, "बस केबिनमध्ये." तो बसला. रिकामी गाडी चांदीपला, परत भरून तुळिंजला, रुमाल बांधलेल्या टाकीनं. गाडीनं एकदाही गचका दिला नाही. दादा पूर्ण वेळ खिडकीबाहेर बघत होता. मी वाट बघत होतो. एक वाक्य, बस. ते आलं नाही. साइटवर उतरताना तो म्हणाला, "स्कूटर तिकडंच राहिली माझी."

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आता तरी कळलं असेल त्यांना." मलाही तसंच वाटलं. इतकं झाल्यावर माणूस काही तरी बोलेल असं वाटणारच.

सकाळी अंगणात गेलो तर दादा टाकीजवळ उकिडवा बसलेला. टाकीला नवं झाकण. चकचकीत. मधे किल्लीचं भोक, आणि बाजूला ड्रिलनं पाडलेलं आणखी एक बारीक भोक.

"आता नाय बंद पडनार," तो म्हणाला. खुशीत होता. "हवा जाईल आता."

"आनि कुलूप?"

"कुलूप असू दे. चांगलं असतं."

मी ट्रकची किल्ली त्याच्या पुढ्यात, मातीत टाकली. तो म्हणाला, "असं काय करतो? दुरुस्त केलं ना मी?" त्याला खरंच कळत नव्हतं की कळूनही तो तसं दाखवत होता, हे मला आजही सांगता येत नाही. पहिलं असेल तर जास्त राग येतो.

मी परत त्या ट्रकवर चढलो नाही. चंदनसारला पाण्याचे टँकर चालवणाऱ्या एका माणसाकडे ड्रायव्हर म्हणून लागलो. अर्धा मालक होतो तो पगारी ड्रायव्हर झालो, पण त्या माणसाच्या टँकरला साधं झाकण होतं. दादानं ट्रकवर दुसरा ड्रायव्हर ठेवला, पुढे ट्रक विकला. आई दोन्हीकडून समजवायची. नातेवाईक सांगायचे, सोडून दे, मोठा भाऊ आहे, झालं ते झालं. प्रत्येक जण मलाच सांगायचा. त्याला कुणी काही सांगितलं असं मी कधी ऐकलं नाही.

बऱ्याच वर्षांनी चुलत्याच्या मुलीच्या हळदीला आम्ही एकाच पंगतीत आलो. दादाचे केस पांढरे झाले होते. कुणीतरी गाड्यांचा विषय काढला आणि दादा सगळ्यांना सांगायला लागला, आमचा ट्रक कसा बंद पडायचा, वायरमननं कसं लुबाडलं, पेंटरनं कसा रंगावर बोल्ट आवळला. रंगवून सांगत होता. शेवटी माझ्याकडे बोट करून म्हणाला, "आनि पकडला कोनी? यानं. लय हुशार माझा भाऊ."

लोक कौतुकानं माझ्याकडे बघायला लागले.

मी म्हटलं, "हुशार नको बोलू, दादा. चोर नव्हता, एवढं बोल."

 वाढणारा वाकलेलाच राहिला. दादानं पानातला भात कालवला, वर पाहिलं, परत खाली पाहिलं.

"जेव," तो म्हणाला. "भात गार होतोय."

मी उठलो. अर्धं पान तसंच टाकून हात धुतला. बायकांच्या पंगतीतून माझी बायकोही उठली, तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. चुलती मागून हाका मारत होती. आम्ही मांडवातून बाहेर पडलो आणि फाट्याच्या दिशेनं चालायला लागलो. वाटेत बायको एवढंच म्हणाली, "बरं केलंस." मला भूक लागली होती आणि राग तसाच होता.